खानखोजे : बंदूक, मका आणि पसरलेले गैरसमज

जामनेरच्या बाजारात आता कापसाच्या बरोबरीने मका येतो आणि पेरणीला आणलेली पिशवी बहुतेक संकरित वाणाचीच असते. मक्याच्या संकरासाठी मेक्सिकोत उमेदीची वर्षं वेचणारा एक माणूस वर्ध्याचा होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे. ब्रिटिशांविरुद्ध सशस्त्र लढा उभारायला निघालेला हा क्रांतिकारक चाळीसहून अधिक वर्षं परदेशात राहिला. खानदेशात त्यांचं नाव क्वचितच निघतं, आणि निघालंच तर सोबत चार चुकीच्या गोष्टीही येतात.

त्यातली एक म्हणजे, परदेशातल्या भारतीयांनी ब्रिटिशांविरुद्ध उभारलेली गदर ही फक्त पंजाब्यांची चळवळ होती. तिचा कणा पंजाबी, विशेषतः शीख कामकऱ्यांचा होता, यात शंका नाही. पण 1915 मध्ये लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेलेले विष्णू गणेश पिंगळे तळेगाव ढमढेरेचे होते. खानखोजेही या संघटनेच्या उभारणीत होते. मात्र कौतुकाच्या भरात ‘गदरचे संस्थापक खानखोजे’ एवढंच म्हणणंही बरोबर नाही. 1913 मध्ये पक्ष उभा राहिला तेव्हा अध्यक्ष सोहनसिंग भकना होते आणि लाला हरदयाळ चिटणीस.

सगळ्यात घट्ट बसलेला समज असा, की क्रांती फसली म्हणून ते शेतीकडे वळले. कालक्रम पाहिला तर हे टिकत नाही. अमेरिकेत ते ऑरेगनच्या कृषी महाविद्यालयात शिकत होते आणि त्याच काळात गदरची जुळवाजुळवही करत होते. त्यांच्या लहानपणी मध्य प्रांतात दुष्काळ पडले होते. त्यातला 1899-1900 चा दुष्काळ आपल्याकडेही ‘छप्पन्नचा’ म्हणून जुनी माणसं सांगत. शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आणि परकी राज्य त्यांनी कधी वेगळं मानलं नाही, असं मला ठामपणे वाटतं. पहिल्या महायुद्धात ते इराण-बलुचिस्तानच्या बाजूने ब्रिटिशांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. पुढे बर्लिन आणि मॉस्को करून 1924 मध्ये मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले.

तिथलं काम आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. मक्याच्या तुऱ्यातला पराग कणसाच्या केसांवर पडला की दाणा धरतो. कुठल्या झाडाचा पराग कुठल्या कणसावर पडू द्यायचा हे ठरवलं, की संकर हाती येतो. खानखोजेंनी तेओसिन्ते या मक्याच्या रानटी भावंडाशी असे संकर करून पाहिले, आणि गोरगरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढण्यात पुढाकार घेतला. म्हणून काही जण त्यांना थेट ‘हरितक्रांतीचे जनक’ म्हणतात. तसं म्हणू नये. ज्यांच्याशी हरितक्रांती जोडली जाते ते कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत 1944 मध्ये आले आणि त्यांचं गाजलेलं काम गव्हावरचं. खानखोजेंचं काम त्याआधीचं आणि वेगळं आहे. त्याला उसन्या पदवीची गरज नाही.

मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराच्या एका भित्तिचित्रात भाकरी मोडून वाटणारा माणूस खानखोजेंवरून रंगवला आहे, असं मानलं जातं. ते चित्र चापिंगोत आहे असं अनेकदा सांगतात. चापिंगोत रिवेराची चित्रं आहेत हे खरं, पण हे चित्र मेक्सिको शहरात, शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत आहे.

खानखोजे मेक्सिकोतच वारले, असंही अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात ते स्वतःच्या पायांनी परत आले, पण स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर नव्हे. ब्रिटिशांच्या काळ्या यादीतलं त्यांचं नाव स्वतंत्र भारताच्या दफ्तरातही तसंच राहिलं होतं आणि त्यापायी 1949 मध्ये त्यांच्या येण्यात अडथळे आले. ज्या देशासाठी घर सोडलं त्याच्याच दारात त्यांना अडवलं जावं, याची मला आजही चीड येते. पुढे ते नागपुरात स्थायिक झाले आणि 22 जानेवारी 1967 रोजी तिथेच वारले. चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण 2022 मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झालं.