फूटीचा ड्राफ्ट : पोरांची पारख नेमकी करतात तरी कशी?



गुढीपाडव्याच्या कार्यक्रमानंतर हॉलमधल्या खुर्च्या उचलता उचलता एक वहिनी आमच्यापाशी आल्या. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा, ऑसकिकपासून फूटी खेळणारा. अठरा वर्षांखालच्या टॅलेंट संघाच्या चाचण्यांना उन्हाळाभर गेला आणि शेवटच्या यादीत त्याचे नाव आले नाही. "तो म्हणतो, आता बूट कुणाला तरी देऊन टाक. तुम्ही दोघं आकडेवारीत काम करता, दर शनिवारी मॅचही बघता. मला एवढंच सांगा, हे लोक ठरवतात कसं? मार्क तरी दाखवतात का?"

तेव्हा आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. मग थोडे वाचले, ओळखीच्या कोच मंडळींना विचारले. त्यातून जे समजले ते इथे मांडतो आहोत. मेलबर्न, अ‍ॅडलेड, पर्थला वाढणारी आपली बरीच मुले आता क्रिकेटच्या जोडीने फूटी खेळतात, तेव्हा इतरांनाही उपयोग होईल.

ड्राफ्ट म्हणजे काय?

गल्लीत क्रिकेटच्या टीम पाडताना दोन कॅप्टन आळीपाळीने एकेक भिडू मागतात, आठवते ना? ड्राफ्ट म्हणजे तेच, फक्त कॅप्टन अठरा. एएफएलचे १८ क्लब नोव्हेंबरमध्ये क्रमाने एकेक खेळाडू निवडतात. आदल्या सीझनमध्ये जो तळाला राहिला त्याला पहिली संधी, म्हणजे दुबळ्या संघाला चांगला खेळाडू मिळावा. ही पद्धत १९८६ साली सुरू झाली. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलगा १८ वर्षांचा व्हावा लागतो. देशभरातून साधारण साठ-सत्तर मुलांची नावे लागतात. क्लब मुलाने निवडायचा नसतो. मेलबर्नचा मुलगा पर्थच्या संघाने उचलला तर बॅग भरून पर्थला जायचे!

बघतात कुठे?

क्लबचे रिक्रूटर, म्हणजे खेळाडू हेरणारे लोक, वर्षभर मैदानाच्या कडेला वही घेऊन उभे असतात. व्हिक्टोरियात मुख्य जागा म्हणजे अठरा वर्षांखालची टॅलेंट लीग. १९९२ मध्ये ती टॅक कप या नावाने सुरू झाली आणि २०२३ पासून कोट्स टॅलेंट लीग म्हणून ओळखली जाते. साउथ आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात तिथल्या राज्य लीगचे ज्युनिअर संघ असतात. शिवाय राज्याराज्यांची अंडर-१८ स्पर्धा होते, तिथे सगळ्यांचेच डोळे लागलेले असतात.

आपण पालक मोजतो ते किती वेळा बॉल हातात आला आणि किती गोल झाले. रिक्रूटर ते बघतात, पण त्यावर थांबत नाहीत. एखाद्या मुलाला तीस वेळा बॉल मिळाला, पण मोकळ्या जागेत, कुणी अंगावर नसताना, तर त्याची किंमत कमी. चार जणांच्या गर्दीत वाकून बारा वेळा बॉल काढला, तर वहीत वेगळी खूण होते. घाईत किक कुठे गेली? दोन्ही पायांनी मारता येते का? बॉल आपल्याकडे नसताना हा मुलगा मागे धावतो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? चूक झाल्यावर पुढच्या दहा सेकंदांत काय करतो? ही शेवटची गोष्ट व्हिडिओवर पुन्हा पुन्हा बघतात म्हणे.

कंबाइन : आकड्यांची जत्रा

ऑक्टोबरच्या सुमारास ज्या मुलांमध्ये क्लबांना रस असतो त्यांना कंबाइनला बोलावतात. पूर्वी याला ड्राफ्ट कॅम्प म्हणत. इथे सगळे मोजमाप होते. उंची, वजन, हाताची लांबी. २० मीटर धाव, त्यात ३ सेकंदांच्या आत आला तर मुलगा वेगवान. खांबांमधून वळणे घेत धावायचे, जागेवरून आणि धावत येऊन उंच उडी मारायची. शेवटी २ किलोमीटर धाव. सहा मिनिटांच्या आसपास आला तर दम उत्तम समजायचा.

आमच्यासारख्या इंजिनिअर मंडळींना हे फार आवडते. आकडे आले, आता वजन लावा, बेरीज करा, रँक काढा! पण इथेच आपली गफलत होते. आपण सीईटी आणि जेईईच्या मुशीतून आलेलो. एक परीक्षा, एक रँक, एक रेघ. रेघेच्या वर असलात तर अ‍ॅडमिशन, खाली असलात तर घरी. कंबाइनमध्ये अशी रेघ नसते. पहिला आलेला मुलगाही ड्राफ्टमध्ये राहून जाऊ शकतो. वर्षभर मैदानावर जे दिसले ते खरे आहे का, हे आकडे ताडून पाहतात. हळू वाटणारा मुलगा खरेच हळू आहे, की त्याला जागा घेता येत नाही? आकडा प्रश्न उभा करतो, उत्तर मात्र पुन्हा मॅचमध्येच शोधावे लागते.

आणि मग कांदेपोहे!

सगळ्यात मजेशीर भाग मुलाखतींचा. क्लब मुलाला समोर बसवून विचारतात. तुझी सगळ्यात वाईट मॅच कोणती? कोचने बसवले तेव्हा काय केलेस? संघातला कोणता मित्र तुझ्यापेक्षा चांगला आहे? वैद्यकीय तपासणी असते, जुन्या दुखापतींची चौकशी असते. मुलाच्या शाळेत आणि कोचकडे विचारपूस होते. काही क्लबचे लोक चक्क घरी येतात, आईवडिलांशी बोलतात. आपल्याकडे मुलगी बघायला येत तसेच! फक्त इथे पोहे केले तरी "आवडल्यास कळवू" हे उत्तर नोव्हेंबरमध्ये, साऱ्या देशासमोर मिळते.

आणि याच सुमारास बारावीची परीक्षा असते. एका हातात स्पाइक्स आणि दुसऱ्यात केमिस्ट्रीचे पुस्तक, अशी ही मुले दिवस काढतात.

जाणकारही चुकतात

एवढे करूनही अंदाज चुकतो. जेम्स हर्डचे नाव १९९० मध्ये ७९ व्या क्रमांकावर आले आणि १९९६ मध्ये त्याने ब्राउनलो मेडल, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, विभागून मिळवला. लॅची नील २०११ मध्ये ५८ वा निवडला गेला, त्याला ब्राउनलो दोनदा मिळाले, २०२० आणि २०२३ मध्ये. सॅम मिचेलला २००० च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतले नाही. एक वर्ष तो खालच्या लीगमध्ये खेळला, २००१ मध्ये हॉथॉर्नने ३६ व्या क्रमांकावर घेतला, आणि पुढे त्याच क्लबकडून तो चार प्रीमियरशिप जिंकला. कॅलेब डॅनिएल जेमतेम १६८ सेंटिमीटर उंच. तो २०१४ मध्ये ४६ वा निवडला गेला आणि २०१६ च्या विजेत्या वेस्टर्न बुलडॉग्ज संघात होता.

उलट बाजूही आहे. टॉम बॉइड २०१३ चा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. २०१६ ची फायनल गाजवली आणि २०१९ मध्ये, २३ व्या वर्षी, खेळ सोडला. मनावर किती ताण होता हे त्याने नंतर उघडपणे सांगितले आहे. पहिला नंबर आला की सगळे सुखरूप, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

चुका का होतात? कारण हे लोक आजचा खेळाडू निवडत नाहीत, तेविसाव्या वर्षीचा माणूस निवडतात. सतराव्या वर्षी एकाला दाढी आलेली असते आणि दुसऱ्याची उंची अजून वाढायची असते. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा. लवकर वाढलेला मुलगा तेराव्या वर्षी धडका देऊन जिंकतो, कोचला दिसतो, पुढच्या संघात जातो, त्याला चांगले प्रशिक्षण मिळते. मागे राहिलेल्याला ते मिळत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर डेटा सुरुवातीलाच एका बाजूला झुकलेला आहे. चांगले रिक्रूटर म्हणूनच मुलाची जन्मतारीख आणि आईवडिलांची उंचीही विचारतात!

आपल्या घरांसाठी

काही गोष्टी माहीत असाव्यात. आशिया किंवा आफ्रिकेत जन्मलेल्या पालकांच्या मुलांसाठी क्लबांच्या नेक्स्ट जनरेशन अकॅडमी आहेत. त्यांचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून आपल्या भागातल्या क्लबकडे थेट चौकशी करावी. मुलींसाठी २०१६ पासून वेगळा ड्राफ्ट आहे, तेव्हा मुलीला "तुझं काय काम" म्हणू नका. वेस्ट कोस्टच्या २००६ च्या विजेत्या संघातल्या डॅनिएल करचे वडील कोलकात्यात जन्मलेले. त्याची बहीण सॅम कर लहानपणी फूटीच खेळायची, पुढे सॉकरमध्ये जगप्रसिद्ध झाली.

दार एकदाच उघडते असेही नाही. २०१९ मध्ये सीझनच्या मधला ड्राफ्ट पुन्हा सुरू झाला. त्यात रिचमंडने २७ वर्षांच्या मार्लियन पिकेटला घेतले. त्याचा पहिलाच एएफएल सामना म्हणजे त्या वर्षीची ग्रँड फायनल, आणि ती रिचमंडने जिंकली!

आणि निवड झालीच तरी पहिला करार दोन-तीन वर्षांचा असतो. तेव्हा अभ्यास सोडायचा नाही हे आपले मराठी घरातले वाक्य इथेही लागू पडते. फक्त ते धमकी म्हणून नको, आधार म्हणून सांगावे.

वहिनींना आम्ही नंतर एवढेच सांगितले. मार्क दाखवत नाहीत, पण विचारले तर कारण सांगतात. मुलानेच फोन करून विचारावे, आईने नाही. त्याने विचारले. "डाव्या पायाची किक कच्ची आहे आणि दुसऱ्या हाफमध्ये दम कमी पडतो," असे उत्तर आले. नापास हा शब्द त्यात कुठेच नव्हता, दोन कामे होती.

बूट अजून त्यांच्याच गॅरेजमध्ये आहेत. चिखलाने भरलेले असतात म्हणून वहिनी कुरकुर करतात. मुलगा आपल्या जुन्या क्लबकडून दर रविवारी खेळतो, आणि संध्याकाळी घरामागच्या भिंतीवर डाव्या पायाने बॉल मारत बसतो. शेजाऱ्यांची तक्रार अजून तरी आलेली नाही!