सुगीचा पैसा आणि बारा महिन्यांचा संसार

सोयाबीनची मळणी आटोपून माल बाजार समितीच्या आवारांत जाऊं लागला म्हणजे वाशीम जिल्ह्यांतील घरोघरीं चार दिवस हातांत पैसा खेळूं लागतो. हा पैसा दिवाळीच्या सुमारास येतो. आणि त्याच सुमारास कृषि केंद्राची उधारी, मळणीयंत्राचें भाडें, मजुरांची राहिलेली मजुरी, मुलांची फी व सणाचा खर्च हीं सर्व देणीं दाराशीं येऊन उभीं राहतात. कार्तिक संपतां संपतां हात रिकामा होतो, आणि माघ-फाल्गुनांत वीजबिल भरण्यासाठींहि हातउसने मागण्याची पाळी येते. असें कां होतें, आणि मोडलेली शिल्लक पुन्हां कशी उभी करावी, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

नोकरदाराचा खर्च दरमहा होतो व पगारहि दरमहा येतो. शेतकऱ्याचा खर्च दरमहा होतो, परंतु उत्पन्न वर्षांतून एकदां-दोनदां येतें. म्हणून सुगीचा पैसा हा एका महिन्याचा नफा नव्हे, तर बारा महिन्यांची शिदोरी आहे. आणि शिदोरी पहिल्याच मुक्कामीं संपविणारा वाटसरू पुढें उपाशी राहतो, हें सांगावयास नको.

वऱ्हाडास हा अनुभव नवा नाहीं. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें. तिकडील कापूस इंग्लंडास पोंचेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसास अतोनात मागणी आली व भाव कधीं नव्हे इतके चढले. युद्ध संपतांच भाव कोसळले. परंतु चढत्या भावाच्या भरंवशावर वाढविलेला खर्च व काढलेलें कर्ज मागें राहिलें. दक्षिणेंत त्या मंदीनंतर कर्जबाजारीपणा इतका विकोपास गेला कीं, १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, आणि १८७९ सालीं सरकारास शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. भाव उतरतो, पण देणें उतरत नाहीं, हा त्यांतील धडा.

तोच धडा आमच्या पिढीस सोयाबीननें दिला. २०२१ च्या ऑगस्टांत विदर्भांतील कांहीं बाजारांत सोयाबीन क्विंटलास दहा हजार रुपयांच्या वर गेलें. नवा माल येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. २०२४ च्या हंगामांत आधारभूत भाव ४,८९२ रुपये असतां पुष्कळ माल त्याहून कमी भावानें विकला गेला.

आमच्याच घरची गोष्ट सांगावयास हरकत नाहीं. त्या ऑगस्टांत भाव पाहून आम्हीं हप्त्यांवर मोटारसायकल घेतली. माल अद्याप शेतांत उभा होता. मळणी होईपर्यंत भाव निम्मा झाला. हप्ता मात्र निम्मा झाला नाहीं. पुढें हप्ते भरतां भरतां मुलीच्या नांवानें पोस्टांत चालविलेलें आवर्ती ठेवीचें खातें मुदतीपूर्वीं बंद करावें लागलें. आमच्या कुटुंबानें एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. फक्त तें रिकामें पासबुक फडताळांत न ठेवतां आमच्या हातावर ठेवलें. पुढें जें लिहिलें आहे तें त्या दिवसापासून शिकलेलें आहे.

हिशेब आधीं

एक नमुन्याचें कुटुंब घेऊं. सहा एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीन व त्यांत तुरीचें आंतरपीक. एकरीं सहा क्विंटल धरल्यास सोयाबीन ३६ क्विंटल. ४,२०० रुपये भावानें त्याचे १,५१,२०० रुपये होतात. लागवडीपासून मळणीपर्यंतचा खर्च एकरीं १८,००० धरल्यास १,०८,००० रुपये वजा जातात व ४३,२०० उरतात. सहा क्विंटल तुरीचे ७,००० प्रमाणें ४२,००० रुपये; आणि केंद्र व राज्य या दोहोंच्या सन्मान निधीचे मिळून वर्षाचे १२,००० रुपये. एकूण ९७,२०० रुपये. म्हणजे महिन्यास ८,१०० रुपये.

आतां खर्चाची बाजू पाहूं. ज्वारी-डाळ घरची धरून किराणा ३,०००, वीजबिल ५००, गॅसच्या टाकीचे सरासरी ४५०, मोबाईलचा रिचार्ज ४००, पेट्रोल ८००, शाळेचा खर्च १,०००, दवापाणी ७०० आणि कपडालत्ता व सणवार ६००; एकूण ७,४५० रुपये. शिल्लक दरमहा ६५०, वर्षाची ७,८०० रुपये. यांत लग्न नाहीं, शस्त्रक्रिया नाहीं, बैल मेल्याचा किंवा मोटार जळाल्याचा खर्च नाहीं. वाचकांनीं आपापले आंकडे घालून हाच तक्ता एकदां लिहून काढावा. आम्हीं अनेक घरीं पाहिलें आहे कीं, मोठे खर्च सर्वांस पाठ असतात. परंतु चहा, सुपारी, तालुक्याच्या फेऱ्या व किरकोळ उसनवारी यांची बेरीज कोणासहि सांगतां येत नाहीं.

हा तक्ता घरधन्यानें एकट्यानें करूं नये. घरांत साखर किती लागते व गॅस किती दिवस पुरतो हें घरधनीणच जाणते. तिच्यापासून कर्जाचा आंकडा लपविणारा मनुष्य आपला निम्मा कारभारी आपणच कामावरून काढून टाकतो.

दुसरी गोष्ट, शेताचा पैसा व घराचा पैसा वेगळा असावा. माल विकला त्याच आठवड्यांत पीककर्जाची व पेरणीची रक्कम बाजूस काढावी; उरलेल्या रकमेचे बारा भाग करून एकेक भाग दरमहा घरखर्चाच्या खात्यांत घ्यावा. नोकरदाराप्रमाणें आपणच आपणांस पगार द्यावा, म्हणजे दिवाळींतील सुबत्तेचा भास व चैत्रांतील टंचाई हीं दोन्ही कमी होतात.

कोणतें देणें प्रथम

सर्व देणीं एकाच तोलाचीं नसतात. दरमहा शेंकडा तीन रुपये व्याजानें उचललेले ३०,००० रुपये वर्षाला १०,८०० रुपये व्याज खातात. वरच्या तक्त्यांतील सबंध वर्षाची शिल्लक ७,८०० आहे हें ध्यानांत घ्यावें. असें कर्ज डोक्यावर असतां पोस्टांत पैसे साठविणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें होय. सबब पहिलें पाणी त्या छिद्रास लावावें. येथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखालीं परवानाधारक सावकारास शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर दरसाल शेंकडा ९ व विनातारण कर्जावर शेंकडा १२ यांहून अधिक व्याज घेण्याची मोकळीक नाहीं. अधिक घेणाऱ्याविरुद्ध सहकार खात्याच्या तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करतां येते.

दुसरें देणें पीककर्जाचें. राज्य सरकारनें २०२१ पासून तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडणाऱ्यास व्याज पडूं नये अशी सवलत ठेविली. आमच्या तक्त्यांतील १,०८,००० रुपये मुदतींत न भरल्यास ही सवलत जाते, आणि शेंकडा ७ प्रमाणेंहि ७,५६० रुपये व्याज अंगावर येतें. म्हणजे पुन्हां एका वर्षाची शिल्लक गेली. पुष्कळ लोक मार्चमध्यें नवें-जुनें करण्यासाठीं आठ-पंधरा दिवसांकरितां भारी व्याजानें रक्कम उचलतात. ज्याचें पीककर्ज सोयाबीनच्या पैशांतूनच खात्यांत पडलें, त्यास ही धांवपळ करावी लागत नाहीं. कर्जमाफी येईल या आशेवर भरणा थांबविणारांस एवढेंच सांगावयाचें कीं, २००८ च्या माफीनंतर पुढची २०१७ सालीं आली, आणि तिसरी २०१९ च्या अखेरीस. नऊ वर्षें थांबलेलें खातें नवें कर्ज देत नाहीं. तोंवर पेरणी सावकाराच्या पैशानें करावी लागते. माफी आली तर ती घ्यावी, परंतु संसार तिच्यावर उभारूं नये.

तिसरें देणें कृषि केंद्राच्या उधारीचें. रोखीनें २०,००० रुपयांस मिळणारा माल उधारीनें २२,००० रुपयांस पडला व पैसे चार महिन्यांनीं दिले, तर तें व्याज दरसाल शेंकडा ३० च्या दरानें झालें. चोपडींत त्यास व्याज म्हणत नाहींत, म्हणून तें दिसत नाहीं. पुढील वर्षीं निदान खतापुरती रोकड शिल्लक ठेवणें ही यावरील बचत होय.

विकण्याची घाई

देणेकऱ्यानें तगादा लावला म्हणून सगळा माल एकाच आठवड्यांत काढणें हेंहि एक प्रकारचें व्याजच आहे. यासाठीं राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालत आली आहे. बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गुदामांत माल ठेवून त्याच्या किमतीच्या शेंकडा ७५ पर्यंत कर्ज सहा महिन्यांच्या मुदतीनें शेंकडा ६ व्याजानें मिळतें. दहा क्विंटल सोयाबीनची किंमत ४२,००० धरल्यास ३१,५०० रुपये हातीं येतात व सहा महिन्यांचें व्याज ९४५ रुपये होतें. म्हणजे क्विंटलामागें भाव सुमारें ९५ रुपये वाढला तरी व्याज निघालें. मात्र भाव वाढेलच अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. म्हणून सर्व माल तारण न ठेवतां देण्यापुरता विकावा व उरलेल्यांतील कांहीं भागच ठेवावा. आपल्या समितींत ही सोय कशी चालते याची चौकशी सुगीपूर्वींच करावी. पोतीं गाडींत भरल्यावर चौकशी करून उपयोग नाहीं.

घरचें बियाणें

बचत म्हणजे केवळ पोटास चिमटा घेणें नव्हे. सोयाबीन स्वपरागसिंचित असल्यामुळें एकदां घेतलेल्या प्रमाणित बियाण्याचें पुढील कांहीं वर्षें घरचें बियाणें वापरतां येतें. सहा एकरांस एकरीं ३० किलो प्रमाणें १८० किलो लागतें. तीस किलोची पिशवी ३,००० रुपयांची धरल्यास १८,००० रुपये होतात. तेंच घरचें बियाणें बाजारभावानें ७,५६० रुपयांचें असतें. दहा हजारांहून अधिक रोकड येथें वाचते. परंतु पावसांत भिजलेला माल बियाण्यास ठेवूं नये, मळणीयंत्राची गति कमी ठेवावी, पोत्यांची उंच थप्पी मारूं नये, आणि पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून सहा-सात दिवसांनीं कोंब मोजावे. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणें चांगलें. कमी उगवले तर त्या मानानें प्रमाण वाढवावें, आणि फारच कमी असल्यास तें विकून टाकून नवें घ्यावें.

शिल्लक कोठें व किती

भारी व्याजाचें देणें फिटल्यावर पहिलें ध्येय एका महिन्याच्या घरखर्चाचें असावें. तेवढी रक्कम हातीं असली म्हणजे तापाच्या रोग्यास दवाखान्यांत नेण्यासाठीं दाणे विकावे लागत नाहींत. दुसरें ध्येय पुढील पेरणीच्या बियाण्या-खताचें. तिसरें मुलांच्या शिक्षणाचें. लग्नाचें नांव आम्हीं शेवटीं घेतलें आहे, तें जाणूनबुजून. कारण एका दिवसाच्या मानापानासाठीं दहा वर्षांची शिल्लक जातांना आम्हीं पाहिली आहे.

पोस्टाच्या आवर्ती ठेवींत दरमहा १०० रुपयांपासून पांच वर्षें पैसे भरतां येतात. बँकेंतील ठेवीस २०२० पासून पांच लाख रुपयांपर्यंत ठेवविम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवीस हें संरक्षण लागू नाहीं, म्हणून एखादी पतसंस्था दोन टक्के अधिक व्याज देते एवढ्यावरून सगळी पुंजी तेथें ठेवूं नये. बायकांचे बचत गट आतां गांवोगांवीं झाले आहेत. गटाचें कर्ज महिन्यास शेंकडा दोन पडलें तर तें वर्षाला चोवीस होतें, हें विसरूं नये. परंतु तें व्याज गटांतच राहतें व दर आठवड्यास वा महिन्यास ठराविक रक्कम बाजूस काढण्याची शिस्त अंगीं बाणते, हा मोठा लाभ आहे. पीकविमाहि शिल्लकेचा पहारेकरीच समजावा. एक रुपयांतील विमा २०२५ च्या खरिपापासून बंद होऊन खरीप पिकांस विमा रकमेच्या शेंकडा २ हप्ता शेतकऱ्यास पडूं लागला. तो वरच्या तक्त्यांत लागवडीच्या खर्चांत धरावा, मागाहून आठवण्यासाठीं ठेवूं नये.

आमच्या तक्त्यांतील कुटुंबास दरमहा ६५० रुपयेच उरतात, आणि त्यांतून काय होणार असें कोणी म्हणेल. परंतु घरचें बियाणें, वेळेवर भरलेलें पीककर्ज व फेडलेली सावकारी या तीनच गोष्टींत वर्षाला प्रत्येकीं सात ते दहा हजारांचा फरक पडतो, हें वर दाखविलें आहे. पाऊस व भाव हे दोन्ही आपल्या हातांत नाहींत. चोपडी मात्र आपल्या हातांत आहे. आमच्या मुलीचें पोस्टांतील खातें गेल्या वर्षीं पुन्हां उघडलें. रक्कम लहान आहे, परंतु या वेळीं पासबुक फडताळांत गेलें. वाचकांनीं या सुगीला माल विकून घरीं आल्यावर, पैसे मोजण्यापूर्वीं, घरधनिणीस जवळ बसवून एक कोरें पान घ्यावें व त्यावर बारा महिन्यांचीं नांवें लिहावीं, एवढीच आमची विनंती आहे.