साडेतीन हजार तुकड्यांचा खंड्या

विजेच्या तारेवर बसलेल्या खंड्याचा फोटो आता कोणीही काढतो. बरा कॅमेरा, चारशेची लेन्स, सकाळची तिरपी उन्हं आणि थोडा धीर एवढं असलं की झालं. पांढरी छाती, तपकिरी डोकं, लालभडक चोच, पाठीवरचा झगझगीत निळा, सगळं 2 कोटी 40 लाख पिक्सेलमध्ये उतरतं. आता हाच फोटो समोर ठेवून दोन फूट बाय दीड फुटाच्या फळीवर काचेच्या तुकड्यांनी खंड्या रचायला घ्या. आठ मिलिमीटरचा एक तुकडा आणि मधे एक मिलिमीटरची फट धरली, तर फळीवर जेमतेम साडेतीन हजार तुकडे मावतात. म्हणजे एकेक तुकडा जवळजवळ सात हजार पिक्सेलच्या जागी बसणार.

त्या सात हजारांतलं काय ठेवायचं आणि कशावर पाणी सोडायचं, हीच या कामातली खरी डोकेफोड आहे. काच कापणं हात बसला की जमतं.

मोझॅक म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतात त्या जुन्या फ्लॅटमधल्या ठिपक्यांच्या फरशा, नाहीतर गच्चीतून पाणी मुरू नये म्हणून बसवलेल्या चायना चिप्स. पण तुकड्यांनी चित्र रचायची कला दोन हजार वर्षांहून जुनी आहे आणि निसर्गाची हुबेहूब नोंद ठेवणं हे तिचं जुनंच काम. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतल्या घरांमधून समुद्री जिवांची मोझॅक निघाली. ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. मधोमध ऑक्टोपस आणि शेवंड यांची झटापट चाललीय आणि भोवती मासेच मासे. ते इतके नेमके की अनेकांची जात आजही ओळखता येते. एका चित्रात डावीकडच्या खडकावर माशांवर टपलेला एक छोटा पक्षी आहे. तो खंड्याच, असं मानतात. तिथलं काम मुख्यतः दगडी तुकड्यांचं आहे. दगडात न मिळणारे निळे-हिरवे हवे असत, तिथे कारागीर काचेकडे वळत.

कॅमेरा आल्यावर मोझॅकवाल्यांचं काम सोपं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. फोटोत सगळंच असतं, आणि सगळंच महत्त्वाचं वाटतं. कमीत कमी किती तुकड्यांत चेहरा ओळखू येतो, हा प्रश्न अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या लिऑन हार्मन यांनी हाताळला होता. 1973 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी अब्राहम लिंकनचं एक चित्र छापलं, अडीचशेच्या आसपास करड्या चौकोनांचं. जवळून पाहिलं तर नुसते ठोकळे. डोळे किलकिले केले किंवा चार पावलं मागे गेलं की लिंकन! चौकोनांच्या धारदार कडा नजरेला चकवतात. नजर धूसर केली की त्या कडा विरतात आणि उजेड-सावलीची मोठी मांडणी तेवढी उरते. साल्वादोर दालीनं त्यावरून पुढे भलंमोठं चित्रच केलं.

फोटो निवडतानाही हीच कसोटी लावावी. तो मोबाइलवर कृष्णधवल करायचा, नखाएवढा लहान करायचा आणि डोळे किलकिले करून पाहायचा. पक्षी तरीही पक्षी दिसला तर तो फोटो काचेत जाईल. पानांच्या गर्दीत अर्धवट लपलेला हरियाल फोटो म्हणून कितीही सुंदर असला, तरी काचेत त्याची हिरवी खिचडी होते. ढगाळ दिवसाचा, सावली नसलेला मऊ प्रकाश छायाचित्रकारांना आवडतो. काचेला मात्र बाजूनं आलेलं ऊन मानवतं.

फोटो दिला की त्याचे रंगीत चौकोन पाडून देणारी अ‍ॅप्स आता पुष्कळ आहेत. किती तुकडे, कोणत्या रंगाचे, सगळा हिशेब तयार मिळतो. पण अशी चित्रं बहुतेक वेळा स्विमिंग पूलच्या तळासारखी दिसतात, कारण त्यांत ओळी फक्त आडव्या आणि उभ्या असतात. पिसं तशी नसतात. ती डोक्यावर चोचीपासून मागे वळतात, छातीवर खाली उतरतात, पंखावर एकमेकांवर चढतात. तुकड्यांच्या ओळींना त्याच अंगानं वळवणं, याला इटालियन कारागीर आंदामेंतो म्हणतात आणि चित्रात जीव येतो तो त्यामुळे. पार्श्वभूमीचीही एक रीत आहे. आकृतीच्या कडेला लागून पार्श्वभूमीच्या तुकड्यांची एक-दोन ओळींची किनार आकृतीच्याच वळणानं फिरवायची आणि मग उरलेली जागा भरायची.

फोटोवरून काचेत प्राणी आणण्याचं एक उत्तम उदाहरण न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत आहे. विल्यम वेगमन हे वायमरानर जातीच्या आपल्या कुत्र्यांच्या फोटोंसाठी प्रसिद्ध. 2018 मध्ये तेविसाव्या रस्त्याच्या स्टेशनात त्यांच्या फोटोंवरून केलेली 11 काच-मोझॅक बसवली गेली. ती घडवली म्युनिकच्या फ्रान्झ मायर या जुन्या काच-कार्यशाळेनं. राखाडी रंगाचं, आखूड केसांचं जनावर म्हणजे मोझॅकवाल्याची परीक्षाच. रंग जवळजवळ एकच, त्यामुळे चेहऱ्याची गोलाई दाखवायला हाताशी फक्त छटा आणि ओळींची चाल.

तिथे फोटो काढणारा एक आणि काच रचणारे दुसरे होते. एवढी मोठी कार्यशाळा असेल तर ते निभतं. घरी काम करणाऱ्यानं मात्र शक्यतो स्वतः काढलेला फोटो घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. ऊन कुठून होतं, तार हलत होती का, पक्ष्यानं अंग फुगवलं होतं की चोरलं होतं, हे फोटोत अर्धंच असतं. उरलेलं काढणाऱ्याला आठवतं, आणि ओळी कुठे वळवायच्या ते त्या आठवणीवरून ठरतं.

निळ्या रंगापाशी जरा थांबायला हवं. पक्ष्यांच्या पिसांत निळं रंगद्रव्य जवळजवळ नसतंच. पिसाच्या आत अतिसूक्ष्म, स्पंजासारखी जाळी असते आणि ती प्रकाशातला निळा भाग आपल्या डोळ्यांकडे परतवते. पीस कुटून पूड केली तर निळा नाहीसा होतो. मोराचं त्यापुढे. त्याच्या पिसातली रचना इतकी शिस्तशीर असते की पाहण्याचा कोन बदलला की रंगही बदलतो. फोटो हा त्यातला एकच कोन पकडतो आणि छापला की तो कायमचा ठरला.

काचेला मात्र इथे एक सोय आहे. साधी निळी काच कोबाल्टनं निळी होते, फिरोजी तांब्यानं, हिरवी लोखंडानं, आणि गुलाबी-लालाच्या काही छटांसाठी तर चक्क सोनं लागतं. हे रंग कोनाप्रमाणे फिरत नाहीत. पण धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवलेली झळाळीची काच मिळते. तिचा रंग त्या थरातून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या खेळातून येतो, म्हणजे मोरपिसाच्या जवळच्याच तत्त्वावर. लुई टिफनीच्या कारखान्यानं 1916 मध्ये फिलाडेल्फियात ‘ड्रीम गार्डन’ नावाची बागेची भिंत रचली, ती अशाच झळाळीच्या काचेची. त्यात तुकडे लाखाहून जास्त आणि रंगछटा 260.

आपल्याला त्यासाठी फिलाडेल्फियाला जायला नको. उदयपूरच्या राजवाड्यातला मोर चौक पाहावा. एकोणिसाव्या शतकात महाराणा सज्जनसिंहांच्या काळात तिथे भिंतीतून उठावदार बाहेर आलेले तीन मोर काचेनं मढवले गेले. तुकडे सुमारे पाच हजार सांगतात. भिंत सपाट नसल्यामुळे प्रत्येक तुकडा वेगळ्या कोनात बसलाय आणि आपण चालू लागलो की मोराची छाती झिलमिलते. घरच्या कामातही ही युक्ती चालते. तुकडे फरशीसारखे एका पातळीत दाबून न बसवता जरा तिरके ठेवायचे. सगळे नकोत, चमक हवी तिथलेच.

फोटो फक्त नमुना म्हणून न वापरता प्रत्यक्ष चित्रातच ठेवायचा, हाही एक प्रकार आहे. पारदर्शक काचेच्या तुकड्यांखाली फोटो चिकटवतात, किंवा मध्ये छापील फोटो आणि त्याच्या कडेतून पुढे निघालेली काच. यातली बरीचशी कामं फसतात. फोटोतला पक्षी इतका तपशीलवार असतो की शेजारची काच ओबडधोबड वाटते, नाहीतर काच इतकी चमकते की फोटो मेल्यासारखा दिसतो. माझ्या मते जमतं ते पाण्यात. उजनीच्या पाण्यावर, भिगवणला, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यांचा फोटो घ्या, पक्षी फोटोतच राहू द्या, आणि पायांखालचं पाणी व त्यातलं प्रतिबिंब काचेनं करा. कॅमेऱ्यानं पाणी गोठवलेलं असतं. काच पाहणाऱ्याबरोबर हलते आणि पाण्याला त्याचा स्वभाव परत मिळतो.

काचेखाली फोटो ठेवायचा असेल तर घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रिंट टाळावी, ओल्या गोंदानं तिची शाई बहुधा फुटते. लेझर प्रिंट टिकते. पांढरा गोंद जाड लागला तर काचेखाली दुधट राहतो, म्हणून काचेला चालणारा पारदर्शक गोंद अगदी पातळ लावून बुडबुडे दाबून काढायचे.

आता हत्यारं. दोन गोल पात्यांची पक्कड, म्हणजे व्हील निपर, हे मुख्य. डोळ्यांना गॉगल हवाच. चपला घातल्याशिवाय त्या खोलीत पाऊल नको. माल महाग असायला हवा असं नाही. स्विमिंग पूलसाठीच्या वीस मिलिमीटरच्या काचेच्या टाइल्स चौरस फुटाच्या शीटवर मिळतात. काचवाल्याकडे रंगीत काचेचे कपटे पडलेले असतात. फुटक्या बांगड्या फेकू नयेत, पिसाच्या कडेला तसा बाक दुसऱ्या कशानं येत नाही. आरशाचे तुकडे जपून वापरावेत, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावलं तर मागचा मुलामा काळा पडतो. फळी साध्या प्लायची नको, आपल्या पावसाळ्यात ती फुगते आणि काच सुटते. सिमेंट शीट चांगली. उलट्या पद्धतीनं काम करायचं असेल तर कागदावर आरशातल्यासारखं उलटं चित्र काढून तुकडे पालथे, मैद्याच्या खळीनं चिकटवतात. चित्र भिंतीवर बसलं की कागद भिजवून सोलायचा.

खंड्याला सुरुवात डोळ्यापासून करावी. काळ्या काचेचा सहा मिलिमीटरचा चौकोन घ्यायचा, त्याचे कोपरे निपरनं कुरतडत न्यायचे, मग घासून गोल करायचा. त्याला तीळभर खाच पाडून तिथे पांढऱ्या काचेचा कण. ऊन डावीकडून असेल तर हा कण डावीकडे वर, घड्याळात दहा-अकरा वाजतात तिथे. मधोमध बसला तर पक्षी भातुकलीतला वाटतो. डोळा नीट बसला की चोचीचा कल आणि कपाळाची ओळ आपोआप ठरत जाते. तो चुकला, तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

सांधे भरताना पांढरं सिमेंट हाताशी असतं म्हणून बरेच जण तेच वापरतात आणि आठवडाभराचं काम फिकं करून बसतात. फटी पांढऱ्या झाल्या की रंग धुऊन निघाल्यासारखे होतात. गडद करडं ग्राउट भरलं की तेच रंग उठतात.

इंटरनेटवरून दुसऱ्याचा फोटो उचलून त्यावरून काचचित्र केलं तर माध्यम बदललं म्हणून हक्क आपला होत नाही. भारतीय कायद्यानुसार फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. विकायचं असेल तर लेखी परवानगी घ्यावी.

तयार झालेल्या मोझॅकचा फोटो काढणं हे वेगळंच प्रकरण. समोरून फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग. दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे लावले आणि लेन्सला पोलरायझर चढवला तर चकाकी जाते, रंग भरतात, पण त्याच्याबरोबर ती झिलमिलही जाते जिच्यासाठी काच घेतली होती. म्हणून प्रदर्शनाला पाठवताना एक फोटो फिल्टर लावून, एक न लावता, आणि चित्रासमोरून चालत जाऊन काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ, असं तिन्ही पाठवावं.