डमामीचा ठेका, कवंदीचे टाके

'सिद्दी' हा शब्द आपल्या मुलांना प्रथम भेटतो तो इतिहासाच्या पुस्तकात. 1660 साली पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर आणि मराठ्यांच्या हाती न लागलेला जंजिरा. घरी कन्नड, शाळेत मराठी किंवा नेमके उलट अशा दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या सीमाभागातल्या मुलांनाही याहून जास्त माहिती नसते. वास्तविक सिद्दी हे आपले शेजारी आहेत. खानापूरचे जंगल ओलांडून हल्याळला जावे, तिथून यल्लापूर, मुंडगोड, अंकोला, शिरसी असे फिरावे, रानाच्या कडेने त्यांच्या वाड्या लागतात. खुद्द आपल्या खानापूर तालुक्यात आणि धारवाडकडे कलघटगी तालुक्यातही त्यांची घरे आहेत. 2011 च्या जनगणनेत कर्नाटकातल्या सिद्दींची संख्या साडेदहा हजारांच्या आसपास नोंदली गेली. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. घरातली बोली कोकणी-मराठीच्या अंगाची, तिच्यात कन्नडची भर. हल्याळच्या बाजारात एखादी सिद्दी बाई भाजीचा भाव करू लागली तर आपल्याला दुभाषी लागत नाही.

ही माणसे मूळची पूर्व आफ्रिकेतली. दख्खनच्या सुलतानांनी हबशी गुलाम आणले, त्यातले काही मोठे सरदार झाले. इथिओपियातून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला आणि त्याने 1610 च्या सुमारास खडकी हे शहर वसवले. विजापूरच्या आदिलशाहीतही इखलास खानासारखे हबशी वजीर होऊन गेले. पण कारवार जिल्ह्यातल्या सिद्दींची गोष्ट या दरबारांतली नाही. पोर्तुगीजांनी मोझांबिककडून गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी जे पळाले ते घाटातल्या जंगलात शिरले, आणि आजच्या सिद्दींपैकी बहुतेक त्यांचेच वंशज, असे साधारणपणे मानले जाते. पोर्तुगीज मुलखात गुलामगिरी कायद्याने संपली ती 1869 मध्ये. तोवर कितीतरी पिढ्या रानातच मोठ्या झाल्या होत्या.

मला कुतूहल आहे ते पुढचे. पळून आलेल्या माणसाजवळ ना पोथी, ना वंशावळ. भाषा गेली, गावाचे नाव गेले. कॉलेजात माझ्या वर्गात यल्लापूरकडची एक सिद्दी मुलगी होती. ती एकदा म्हणाली, ''मॅडम, आफ्रिका मी पहिल्यांदा भूगोलाच्या नकाशात बघितली. घरात हे नाव कुणी घेतलेलं मला आठवत नाही.'' ज्या वारशाचे नावसुद्धा घरात राहिले नाही, तो पुढच्या पिढीला शिकवायचा कसा? त्याच मुलीला मी विचारले, ''डमामी येते का तुला?'' तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी तिला चालता येते का, असे विचारले होते.

डमामी हे वाद्याचेही नाव आणि नाचाचेही. लाकडाच्या पोकळ खोडाला कातडे चढवलेला तो ढोल. त्याच्याभोवती बायका-पुरुष, म्हातारे-पोरे नाचतात. सणावाराला, लग्नात, ख्रिस्ती वाड्यांत नाताळला, आणि 'हिरियरु'च्या पूजेलाही. हिरियरु म्हणजे घरातली गेलेली वडीलधारी मंडळी, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. एक ठेका धरतो, दुसरा गाण्याची ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात. गाणी त्यांच्या बोलीतली, रानातल्या जनावरांची, शेतातल्या कामाची, कधी शेजाऱ्याची टिंगल. बायकांची पुगडी तर आपल्या फुगडीची सख्खी बहीण.

नावावरून मात्र घाईने काही ठरवू नये. 'दमामा' हा नगाऱ्याचा शब्द आपल्या जुन्या मराठीतही आहे. इराणच्या बुशेहर बंदरात, जिथे आफ्रिकन वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथे मुहर्रमला वाजणाऱ्या ढोलाला 'दम्माम' म्हणतात. शब्द समुद्रावरून हिंडत असतात. गुजरातेतल्या सिद्दींच्या नाचाला 'गोमा' असेही नाव आहे आणि स्वाहिलीत 'न्गोमा' म्हणजे ढोल, शिवाय नाचही. तिथे धागा सरळ लागतो. आपल्याकडच्या डमामीत तो नावात नसून रीतीत आहे असे मला वाटते. वाजवणारा, गाणारा आणि बघणारा यांच्यात फरकच न ठेवण्याची ही रीत. मूल दोन-तीन वर्षांचे झाले की त्या गोलात शिरते. त्याला कुणी शिकवत नाही आणि कुणी हाकलतही नाही.

कवंदीचे शिक्षणही असेच होते. आपण मराठीत गोधडी किंवा वाकळ म्हणतो, कन्नडमध्ये कौदी, सिद्दी बायका कवंदी म्हणतात. तिन्ही नावे एका घरातली वाटतात. दोन वर्षांपूर्वी अभ्याससहलीला हल्याळ तालुक्यातल्या एका वाडीत विद्यार्थिनींना घेऊन गेले, तेव्हा एक आज्जी ओसरीवर पाय पसरून कवंदी शिवत होत्या. खाली जुनी साडी अंथरलेली. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून चिंध्यांचे तुकडे काठाकाठाने लावत जायचे, एक फेरी पुरी झाली की आतली फेरी. असे गोल फिरत फिरत शेवटचा तुकडा बरोबर मध्यावर येतो. सगळी शिलाई साध्या धावदोऱ्याची, पण टाके इतके जवळ की कापडावर बारीक लाटा उठतात. आधी आखणी नाही, मोजमाप नाही. हाताला येईल तो तुकडा. लाल शेजारी पिवळा, त्यावर टिकलीएवढे चौकोन पुन्हा वेगळ्या रंगाचे. ख्रिस्ती घरातल्या कवंदीवर कधी क्रूस असतो, मुसलमान घरातल्या कवंदीवर चंद्रकोर. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची त्रिकोणी 'फुले'. फुले नसली तर कवंदी नागडी दिसते, असे त्या बायका मानतात.

काठाकडून आत शिवण्याची पद्धत आपल्याकडच्या कौदीतही आहे. तेव्हा कवंदीचे तंत्र आफ्रिकेहून आले, असे म्हणता येणार नाही. ते बहुधा याच मातीत शिकलेले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले आफ्रिकन कलेचे अभ्यासक हेन्री ड्रूअल यांनी या कवंद्यांवर बरीच वर्षे काम केले. 2004 मध्ये सिद्दी बायकांची कवंदी शिवणारी सहकारी संस्था उभी राहिली, आणि 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात या कवंद्यांचे प्रदर्शन भरले. गुलामीतून अमेरिकेत गेलेल्या आफ्रिकन बायकांच्या गोधड्याही अशाच, आखणी न करता जोडलेल्या रंगांच्या. समुद्राच्या दोन टोकांना नेलेल्या माणसांनी परक्या देशातल्या चिंध्या घेऊन सारखेच काही करावे, हा योगायोग की आणखी काही, यावर विद्वान वाद घालोत. माझ्या विद्यार्थिनींना पडलेला प्रश्न साधा होता. एकीने विचारले, ''आज्जी, तुम्हाला हे कुणी शिकवलं?''

''शिकवतंय कोण? आईच्या बाजूला बसलो, सुईत दोरा ओवून दिला. झालं.''

त्यांच्या बाजूला मात्र कुणी बसलेले नव्हते. नात यल्लापूरला वसतिगृहात होती.

आज यातली खरी अडचण हीच आहे. शाळा नको असे कोण म्हणेल? उत्तर कन्नडातल्या सिद्दींना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्यांना तो 2020 मध्ये मिळाला, त्यासाठी त्यांना फार थांबावे लागले. 2020 मध्येच शांताराम सिद्दी विधान परिषदेवर नेमले गेले, या समाजातले पहिले आमदार. शिष्यवृत्ती, आश्रमशाळा, वसतिगृह यांतूनच ही वाट निघाली. पण बसून, बघून, दोरा ओवून जे यायचे त्याला लागणारी संध्याकाळ मुलांच्या दिवसातून निघून गेली आहे.

मग ती जागा रंगमंचाने भरायची असे ठरते, आणि तिथे मला काळजी वाटते. एका सांस्कृतिक महोत्सवात सिद्दी तरुणांचा नाच ठेवला होता. संयोजकांनी त्यांना पानांचे घागरे, डोक्याला पिसे आणि तोंडाला पांढरे पट्टे लावायला सांगितले, कारण 'आफ्रिकन वाटले पाहिजे'. त्यांच्या वाडीत असा वेश कुणी घालत नाही. डमामीचा ठेका तोच होता, पण पोरे प्रेक्षकांकडे तोंड करून सरळ रांगेत नाचत होती. गोल मोडला होता. हाच विचार सरकारनेही एकदा केला होता. 1980 च्या दशकाच्या अखेरीस सिद्दी मुलामुलींना निवडून धावपटू बनवण्याची योजना क्रीडा प्राधिकरणाने आखली. आफ्रिकन रक्त आहे, म्हणजे पळणारच! काहींनी पदकेही आणली, पण पुढे योजना बंद पडली आणि मुले गावी परतली.

रंगमंचच वाईट असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच दशकात हेग्गोडूच्या नीनासमच्या परिवारातले दिग्दर्शक चिदंबरराव जंबे यांनी सिद्दींनाच घेऊन 'कप्पु जन केंपु नेरळु' हे कन्नड नाटक बसवले. काळी माणसे, लाल सावली. चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकाच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या 1958 च्या कादंबरीवर ते बेतलेले. गोरे पाद्री आणि अधिकारी येतात आणि एका गावाची घडी विस्कटते, ही त्या कादंबरीची गोष्ट. ज्यांच्या पूर्वजांना गोऱ्यांनीच इकडे आणले त्यांच्या तोंडी ती गेली, तीही यल्लापूरकडच्या कन्नडमध्ये, तेव्हा पिसांची गरज पडली नाही. नायजेरिया पश्चिमेला आणि सिद्दींचे मूळ पूर्वेला, हा भूगोलाचा फरक इथे गौण ठरतो. पुढे याच नीनासममधून गिरिजा सिद्दी, प्रशांत सिद्दी यांच्यासारखे कलाकार तयार झाले. प्रशांत सिद्दींना कन्नड चित्रपटांत आपल्या वाचकांनी पाहिलेच असेल. आता वाड्यांतली पोरे त्यांची नावे घेतात, आणि गाणे म्हणायला लाजत नाहीत.

माझ्या वर्गातली ती मुलगी सध्या एका आश्रमशाळेत शिकवते. शनिवारी शाळा सुटल्यावर मुलींना चिंध्या आणायला सांगते आणि व्हरांड्यात कवंदी अंथरते. मुख्याध्यापकांनी ती 'हस्तकला' विषयात बसवून दिली. अडचण आली ती वेगळीच. घरोघरच्या साड्या आता नायलॉनच्या, त्यांत सुई घसरते, टाका धरत नाही. विक्रीसाठी शिवणाऱ्या बायका नवे सुती कापड विकत घेतात, ते शाळेला परवडत नाही. परवा तिचा फोन आला. मुलींची पहिली कवंदी दोन फेऱ्या पुरी झाली आहे आणि कापड संपले आहे. ''मॅडम, तुमच्या आईची जुनी लुगडी असतील तर ठेवा. इरकलचं असलं तर फार बरं.''