धडधाकट माणसाची तहान



आषाढीची वारी करून श्री गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेने आपल्या बुलढाणा जिल्ह्यात येते, तेव्हा शेतं ऐन कामात असतात. सोयाबीनमध्ये डवरे चालू असतात, कपाशीला खताचा हप्ता द्यायचा असतो, निंदणाला बाया मिळत नसतात. तरी पालखी आली म्हटलं की माणूस हातातलं काम बांधावर ठेवून रस्त्याला येतो. कोणी पाण्याची टाकी भरून उभा राहतो, कोणी चहा करतो, कोणी केळी वाटतो. १९६८ पासून ही पालखी पंढरपूरला पायी जाते. परतीच्या शेवटच्या दिवशी खामगाव ते शेगाव या सुमारे १७ किलोमीटरच्या वाटेवर माणसांचा नुसता पूर लोटतो.

मी कृषी विस्तार अधिकारी आहे. पिकाला केव्हा काय हवं ते सांगत माझी बरीच वर्षं याच जिल्ह्यात गेली. आज मात्र पिकाविषयी न लिहिता माणसाविषयी लिहिणार आहे. त्यात माझी एक चूकही सांगायची आहे. ती वाचून तुमच्यापैकी एकाने जरी शेजारच्या घराकडे लक्ष दिलं, तरी हा लेख कारणी लागला असं मी समजेन.

पोथीतला भास्कर

‘श्री गजानन विजय’ ही दासगणू महाराजांची २१ अध्यायांची पोथी आपल्याकडे घरोघरी वाचली जाते. त्यात अकोलीच्या भास्कर पाटलाची कथा आहे. भर उन्हात भास्कर शेतात राबत होता. पिण्यासाठी गावातून डोक्यावर घागर वाहून आणलेली. महाराज तिथे आले आणि त्यांनी पाणी मागितलं. भास्कर संतापला. त्याचं म्हणणं असं की, अनाथ-अपंगाला पाणी पाजलं तर पुण्य लागतं. तुझ्यासारख्या धडधाकट माणसाला मी वाहून आणलेलं पाणी काय म्हणून द्यावं?

महाराज काही न बोलता जवळच्या विहिरीकडे गेले. ती बारा वर्षं कोरडी पडलेली. पुढे त्या विहिरीला पाणी लागलं आणि भास्कर पायाशी आला, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

ही कथा ऐकताना आपण विहिरीच्या पाण्याशी थांबतो. मी तुम्हाला थोडं मागे नेतो. भास्कराचा हिशेब काय चुकला ते पाहा. तो काही दुष्ट माणूस नव्हता. कष्टाळू होता, पुण्य कशाला म्हणतात तेही जाणत होता. फक्त समोरचा माणूस वरून धडधाकट दिसतो, तेव्हा त्याला तहान कसली, असं त्याने धरून चाललं. शेताच्या विहिरीआधी त्याच्या मनाची विहीर आटली होती.

मीही तेच केलं

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीची काय दशा केली ते तुम्ही विसरला नसाल. बोंड वरून हिरवं, चांगलं. फोडलं की आत किडलेलं. त्या हिवाळ्यात एके सकाळी पस्तिशीतला एक शेतकरी माझ्याकडे आला. अंगापिंडाने मजबूत, कपडे नीटनेटके. मला बैठकीला जायचं होतं, गाडी दारात उभी होती. तो म्हणाला, “साहेब, आता पुढं काय करू?”

मी उभ्या उभ्याच सांगितलं, “फरदड ठेवू नका. पऱ्हाट्या उपटा, नायनाट करा, खोल नांगरट करा. बाकीचं सोमवारी या, बोलू.” तो “बरं” म्हणून निघून गेला.

सल्ला शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर होता. आजही बोंडअळीसाठी मी तोच देईन. पण त्या माणसाने मला कपाशीचं विचारलंच नव्हतं. घरातली उधारी, सोसायटीचं कर्ज, वरून हातउसने घेतलेले पैसे आणि हाती आलेलं किडकं पीक, एवढं ओझं घेऊन तो आला होता. त्या दिवशी संध्याकाळी जीव द्यायचा, असं त्याच्या मनात होतं. मला त्याचा पत्ताही लागला नाही, कारण मी त्याच्या तोंडाकडे धड पाहिलंच नाही.

म्हातारीने काय केलं

तो वाचला तो शेजारच्या एका म्हातारीमुळे. ती त्याच्या नात्याची नाही, गोताची नाही. दिवे लागणीला तो शेताकडे निघालेला तिला दिसला. गोठ्यातले बैल वैरणीवाचून उभे होते, हे तिने हेरलं. बैलाच्या आधी स्वतः न जेवणारा हा माणूस. ती ओट्यावरून म्हणाली, “काहून रे बापू, बैलं उपाशी ठेऊन कुठी चालला? बस, घोटभर च्या घे.”

तो बसला. तिने उपदेश केला नाही, पिकाचं विचारलं नाही. चहा दिला, मग भाकर वाढली. दुसऱ्या घासाला तो ढसाढसा रडला. मग तिने नातवाला धाडून त्याच्या भावाला बोलावून घेतलं. बांधाच्या भांडणावरून दोन वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. पण भाऊ तसाच धावत आला आणि रात्रभर त्याच्यापाशी बसून राहिला.

कर्ज त्या रात्री एका रुपयानेही कमी झालं नाही. सकाळी भाऊ त्याला दवाखान्यात घेऊन गेला. काही दिवसांनी दोघांनी सगळं देणं एका कागदावर मांडलं. एका बैलजोडीवर दोघांचं शेत करायचं ठरलं. फेडायला पुढे कैक हंगाम लागले. पण फेडणारा माणूस जागेवर राहिला.

हे मला त्यानेच सांगितलं. पुढच्या पेरणीआधी मी त्याच्या गावात सोयाबीनच्या बियाण्याची उगवण कशी तपासायची ते दाखवत होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून झाले. लोक पांगल्यावर तो जवळ आला, मनात काही न ठेवता म्हणाला, “साहेब, त्या दिवशी सकाळी तुमच्याकडंच आलो होतो.”

तेव्हापासून कोणी आलं की मी आधी खुर्ची पुढे करतो, पाणी देतो, मग विचारतो.

घरची सेवा

शेगावच्या मंदिरात आपल्यातलेच कित्येक शेतकरी पाळीने बिनपगारी सेवा करतात. झाडलोट करतात, रांग लावतात, प्रसाद वाढतात. येणारा गरीब की श्रीमंत हे न पाहता सगळ्यांना ‘माउली’ म्हणतात. तोच शब्द घरी घेऊन या. निंदणाला आलेल्या बाईसाठी सावलीत पिण्याच्या पाण्याची सोय करा. सासरी आलेल्या सुनेला जेवली का म्हणून विचारा. बचत गटाच्या हप्त्याची काळजी ती कदाचित एकटीच गिळत असेल.

आणि शेजारी एखादा माणूस पारावर यायचा बंद झाला, जेवण तुटलं, झोप उडाली, दारू वाढली, ‘माझ्यामागं पोरांकडं पाहा’ असं बोलू लागला, तर ते वरवरचं बोलणं समजू नका. मोटारसायकल थांबवा, खाली उतरा, शेजारी बसा. ‘जीव नकोसा झाला आहे का?’ असं सरळ विचारायलाही भिऊ नका. विचारल्याने तसा विचार मनात भरत नाही, उलट ओझं हलकं होतं. त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या. घरच्यांना बोलवा, सरकारी दवाखान्यात न्या. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी फोन आहे. तो रात्रंदिवस चालतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.

पालखी वर्षातून एकदा येते. तेव्हा आपण पाणी घेऊन रस्त्यावर उभे राहतोच, कोणाला सांगावं लागत नाही. उरलेल्या दिवसांतही आपल्या दारावरून कोणी ना कोणी जातच असतो. त्याच्या गोठ्यातल्या बैलांना वैरण पडली आहे का, तेवढं पाहत जा.