क्षयाचा जंतु, आपलें घर आणि आपला गोठा

आमचें सारें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. वारसाच्या फेरफारांचे किती कागद हातांखालून गेले याची गणती नाहीं. त्यांत मयताचें वय पाहण्याची आम्हांस संवय होती. वय तीस-पस्तीस दिसलें आणि अर्जदार बाईस कारण विचारलें, कीं उत्तर येई, "छातीचें दुखणें होतें." क्षय हा शब्द कोणी उच्चारीत नसे. मुलीचें लग्न मोडेल, दूध कोणी घेणार नाहीं, गडी वाड्यांत येणार नाहींत, ही भीति. आमच्या मतें या लपवालपवीनेंच रोगास घरांत बसावयास पाट दिला आहे.

हा रोग पूर्वकर्माचें फळ नव्हे, कुळांतून उतरणाराही नव्हे. ता. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांनीं त्याचा जंतु जगास दाखवून दिला. पुढें औषधेंही निघालीं. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२३ सालीं जगांत सुमारें १ कोटी ८ लाख माणसें या रोगानें आजारी पडलीं व साडेबारा लाख मेलीं. आजाऱ्यांपैकीं शेंकडा २६ एकट्या आपल्या देशांतील होते.

फुप्फुसाचा रोगी खोकला, शिंकला किंवा मोठ्यानें बोलला, कीं जंतु हवेंत उडतात व बंद खोलींत बराच वेळ तरंगत राहतात. ताट-वाटीनें हा रोग पसरत नाहीं. आमच्या लोकांनीं रोग्याचें ताट तेवढें वेगळें केलें आणि त्यास माजघराशेजारच्या, खिडकी नसलेल्या धान्याच्या खोलींत निजविलें. म्हणजे जें करावयास नको तें केलें आणि करावयाचें तें राहिलें! जंतु शरीरांत शिरलेल्या शंभरांपैकीं पांच ते दहांनाच जन्मांत केव्हां तरी रोग होतो. अंगांत ताकद नसली, मधुमेह असला, तंबाखू-दारूचें व्यसन असलें, म्हणजे तो लवकर डोकें वर काढतो. मधुमेह हल्लीं बागाईतदारांच्या घरांतही कमी नाहीं, हें जातां जातां सांगून ठेवितों.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, संध्याकाळीं बारीक ताप येऊं लागला, वजन उतरूं लागलें, तर बेडका तपासून घ्यावा. सरकारी दवाखान्यांत तपासणी व औषध दोन्ही फुकट आहेत. साध्या क्षयास औषध सहा महिने घ्यावें लागतें. त्यानें लघवी नारिंगी होते, त्यास भिऊं नये. खरी अडचण निराळीच आहे. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, अंग भरतें, आणि माणसास वाटतें आपण बरे झालों. आमचे एक चुलत बंधु असेच फसले. ऊसतोडीचे दिवस होते. गोळ्या उशाशीं राहिल्या व ते फडांत गेले. वर्षाच्या आंत दुखणें उलटलें. या वेळीं नेहमींच्या औषधांस जंतु दाद देईनात. विहिरीखालचें दीड एकर विकलें गेलें आणि माणूसही गेला. त्यांच्या वारसाची नोंद आमच्याच हातानें झाली.

औषधासाठीं घर सोडावें लागतें असा पूर्वीं समज होता. १९५६ सालीं मद्रास येथें गरीब वस्तींतील रोग्यांवर प्रयोग सुरू झाला. कांहींना आरोग्यधामांत ठेविलें, कांहींना त्यांच्याच घरीं औषध दिलें. दोघांचा गुण जवळजवळ सारखा आला, आणि घरीं राहिलेल्यांच्या कुटुंबांत रोग अधिक पसरला असेंही दिसलें नाहीं. अन्नाचें महत्त्वही असेंच सिद्ध झालें आहे. झारखंडांत रोग्यांच्या घरच्या माणसांस जादा शिधा दिला, तेव्हां त्यांच्यांत नवीन क्षय सुमारें शेंकडा चाळीसनें कमी झाला. हा प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. नोव्हेंबर २०२४ पासून सरकारही रोग्यास पोषणासाठीं दरमहा १००० रुपये देऊं लागलें आहे. ज्यांच्या कणग्या भरलेल्या असतात त्यांच्या घरीं सुनेच्या ताटांत डाळ किती पडते, हें मात्र ज्यानें त्यानें पाहावें.

आतां गोठ्याकडे वळूं. गुरांचा क्षय हा या जंतूचा भाऊबंद. कॉख यांनीं १९०१ सालीं लंडनच्या परिषदेंत गुरांपासून माणसास फारसें भय नाहीं असें सांगितलें. परंतु तेथील राजकीय आयोगानें दहा वर्षें तपास करून १९११ पर्यंत त्यांची चूक दाखवून दिली. दुधावाटे हा जंतु पोटांत उतरतो, मुलांच्या मानेस गंडमाळा करतो. आपल्याकडे दूध तापविण्याची चाल आहे, म्हणून बरेंच निभावलें. पण तालमींतील पोरांस धारोष्ण दूध पाजण्याची हौस अजून गेली नाहीं. गाय दिसावयास धडधाकट असली तरी भरंवसा नाहीं.

गुरांस क्षय आहे किंवा नाहीं हें मानेच्या कातडींत ट्यूबरक्युलिन टोंचून तीन दिवसांनीं सूज मोजली म्हणजे कळतें. पुष्कळ देशांत रोगी जनावर मारून टाकतात. आपल्याकडे गाय-बैलांच्या बाबतींत तो मार्ग नाहीं, कायद्यानेंही नाहीं. परंतु डेन्मार्कांतील पशुवैद्य बर्नहार्ड बँग यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुसरी वाट दाखविली. रोगी गुरें निराळ्या गोठ्यांत बांधावयाचीं, त्यांचीं वासरें जन्मतांच दूर करून तापविलेल्या दुधावर वाढवावयाचीं, आणि निरोगी कळप पुन्हां पुन्हां तपासावयाचा. दावण, गव्हाण व पाण्याचें टांकें वेगळें करणें एकट्या लहान खातेदारास जड जाईल. चार-सहा घरांनीं मिळून रोगी गुरांसाठीं एक छप्पर घातलें तर जमण्यासारखें आहे.

संघाच्या पुढील बैठकींत गांवच्या गोठ्यांची तपासणी मागणारा अर्ज पशुवैद्यकीय दवाखान्याकडे धाडण्याचा विषय ठेवावा, अशी आमची सूचना आहे. अर्जाचा मसुदा आम्हीं करून ठेविला आहे. सह्या तेवढ्या हव्यात.