जपानचे कॅप्सूल हॉटेल : नुसती झोप विकण्याचा धंदा

कापडाचा व्यापारी मीटरने माल विकतो. गिऱ्हाइकाला अडीच मीटर कापड हवे असेल, तर आपण त्याच्या गळ्यात सबंध तागा मारत नाही. हॉटेलच्या धंद्यात मात्र उलटी रीत आहे. मुसाफिराला रात्रीची सहा-सात तासांची झोप हवी असते, पण त्याला खोली, पलंग, टेबल, खुर्ची, न्हाणीघर अशा सगळ्याचे भाडे भरावे लागते. ही रीत मोडून नुसती झोप मापून विकणारे हॉटेल जपानी लोकांनी काढले. त्याला कॅप्सूल हॉटेल म्हणतात. कापडाच्या कामानिमित्त ओसाका शहरी गेलो असता आम्ही अशा हॉटेलात तीन रात्री काढल्या. जपानला जाणाऱ्या व्यापारी बांधवांना उपयोग व्हावा आणि आपल्या यंत्रमागाच्या गावांतही या गोष्टीचा विचार व्हावा, म्हणून ही हकीकत देत आहोत.

सुरुवात ओसाकातून

पहिले कॅप्सूल हॉटेल ओसाकाच्या उमेदा भागात १९७९ साली सुरू झाले. नाव 'कॅप्सूल इन ओसाका'. त्याचा आराखडा किशो कुरोकावा या नामांकित वास्तुविशारदाचा. याच कुरोकावांनी १९७२ साली टोकियोत 'नाकागिन कॅप्सूल टॉवर' ही १४० कॅप्सूलची इमारत उभी केली होती. दर पंचवीस वर्षांनी जुनी कॅप्सूल काढून नवी बसवावी, असा बेत होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२२ साली ती इमारत उतरवण्यात आली. इमारत गेली, पण ओसाकातला धंदा जपानच्या शहराशहरांत पसरला.

याचे कारण असे की गिऱ्हाईक आधीच तयार होते. जपानी नोकरदार रात्री उशिरापर्यंत कामात किंवा साहेबाबरोबर खाण्यापिण्यात अडकतो. घर दूर उपनगरात. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते आणि पहाटेपर्यंत दुसरी नसते. टॅक्सीने घरी जावे तर हॉटेलपेक्षा जास्त पैसे लागतात. अशा माणसाला खोली नको, चार-पाच तास पाठ टेकायला जागा हवी. स्टेशनाजवळ ती जागा ज्याने दिली, त्याचा धंदा चालला.

आत काय असते

दारातच बूट काढून बुटांच्या कपाटात ठेवायचे. पैसे आगाऊ भरायचे. भाडे साधारण तीन ते पाच हजार येन पडते. शनिवारी आणि सुट्टीच्या दिवसांत ते वाढते. मग मनगटात बांधायची किल्ली मिळते. ती आपल्या लॉकरची. लॉकर अरुंद असतो. कोट, पिशवी, पासपोर्ट एवढे मावते. मोठी बॅग किंवा कापडाच्या नमुन्यांचे गाठोडे काउंटरवर ठेवावे लागते. लॉकरमध्ये टॉवेल आणि रात्री घालायचा सैल पोशाख असतो.

झोपायच्या मजल्यावर मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना एकावर एक अशा दोन रांगांत फायबरच्या पेट्या. एक पेटी सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच. खालची पेटी मिळाली तर सरळ आत सरकायचे, वरची मिळाली तर पायऱ्यांवर पाय देऊन चढायचे. आत गादी, उशी, पांघरूण, दिवा, गजराचे घड्याळ आणि हवा खेळती ठेवणारी सोय. तोंडाशी पडदा. बसता येते, उभे राहता येत नाही. आमच्यासोबतच्या मित्रांनी आत डोकावून पाहिले आणि म्हणाले, "भाईजान, ये तो कब्र है!" पण रात्री दहाला जे आडवे झाले, ते फजरला आम्हीच उठवले तेव्हा उठले.

पेटीला कुलूप नसते, हे पाहून नव्या माणसाला धास्ती वाटते. कायद्याच्या नजरेत ही पेटी म्हणजे स्वतंत्र खोली नव्हे, मोठ्या सामाईक खोलीतली झोपण्याची जागा आहे, म्हणून तिला कडीकुलूप लावत नाहीत. याचा फायदाही आहे. आग लागली तर पडदा सारून माणूस थेट बोळात येतो.

नमाज, वुजू आणि खाणे

मुसलमान मुसाफिराने चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, आंघोळ. बहुतेक जुन्या ठिकाणी सामाईक हौद असतो आणि तिथे सगळे विवस्त्र उतरतात. आपल्याला सतर सांभाळायचा आहे. तेव्हा जागा ठरवतानाच 'बंद दाराचा शॉवर आहे का?' असे विचारावे. नव्या हॉटेलांत तो बहुधा असतो. वुजू बेसिनवर करता येतो, पण जपानी माणसाला ओली फरशी खपत नाही. सोबत लहान टॉवेल ठेवून पाणी लगेच पुसावे.

दुसरी, नमाज. पेटीत कयाम होत नाही. उभे राहण्याची ताकद असताना केवळ जागेच्या सोयीसाठी बसून फर्ज पढणे बरोबर नाही. आम्ही काउंटरवरच्या मुलाला खुणेने समजावले. त्याने लॉकरच्या खोलीतला एक कोपरा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी तिथली टोपली न सांगता उचलून ठेवली. ओसाकाहून किब्ला पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे झुकलेला येतो. आपल्याकडच्या पश्चिमेच्या सवयीवर जाऊ नये, होकायंत्र जवळ असावे. कस्रची सवलत आहेच.

तिसरी, खाणे. डुकराच्या मांसाला तिकडे 'बुता' म्हणतात. ते रश्श्यात आणि पावातही असू शकते. 'मिरिन' हा गोड रस म्हणजे तांदळाची दारूच, आणि ती भाजीतही घालतात. आम्ही खजूर, चिवडा, उकडलेली अंडी, फळे आणि साधा भात यांवर निभावले.

चौथी, कुटुंब. ही हॉटेले मुख्यतः पुरुषांसाठी आहेत. काही ठिकाणी बायकांचा मजला वेगळा असतो, पण नवरा-बायकोने एकत्र राहण्याची ही जागा नव्हे.

जुम्याला आम्ही रेल्वेने कोबेला गेलो. अर्ध्या तासाचा रस्ता. तिथली मशीद जपानमधली पहिली, १९३५ सालची. तातार मुसलमानांबरोबर कोबेत पेढ्या असलेल्या हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचाही पैसा तिच्यात लागला आहे. १९४५ ची बॉम्बफेक आणि १९९५ चा भूकंप या दोन्हींतून ती उभी राहिली. आपल्याआधी गेलेल्या व्यापाऱ्यांनी परक्या मुलखात मुसाफिरासाठी काय करून ठेवले, ते तिथे दिसते.

धंद्याचा हिशेब

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. बारा चौरस मीटरची, म्हणजे साधारण १३० चौरस फुटांची खोली धरा. साध्या हॉटेलात तिथे एक पलंग, एक न्हाणीघर आणि एकच भाडेकरू. त्याच जागेत दुमजली कॅप्सूल लावली तर चार मीटर बोळाला सोडूनही आठ माणसे झोपतात. न्हाणी, शौचालये आणि बसण्याची जागा सर्वांत सामाईक. एका माणसाचे भाडे कमी, पण जागेचे उत्पन्न जास्त.

मात्र सगळी भिस्त स्वच्छतेवर आहे. चादर रोज बदलते. अनेक दिवस राहणाऱ्यालाही सकाळी दहाच्या सुमारास जागा सोडावी लागते, सफाई होते, मग दुपारनंतर परत प्रवेश. शेजारी घोरणारा निघाला तर इलाज नाही. मध्यरात्री दारू पिऊन आलेली माणसेही असतात, पण बोळात मोठ्याने बोलणे कोणी करत नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. २००८ च्या मंदीनंतर नोकरी गेलेली काही माणसे या पेट्यांत महिनोन्‌महिने राहू लागली होती. मुसाफिराची एका रात्रीची सोय हे कोणाचे घर होऊ नये.

आपल्या कामाची गोष्ट

हा हिशेब मांडताना आमच्या डोळ्यांसमोर आपले कारागीर येत होते. भिवंडी, मालेगावात किती कामगार मागाशेजारी, सुताच्या कोनांवर, कापडाच्या ढिगाऱ्यात झोपतात! एकाच खोलीत दिवसपाळी उठते आणि रातपाळी आडवी होते. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या अनाज मंडीत एका कारखान्याला पहाटे आग लागली आणि ४३ माणसे गेली. त्यांतले बहुतेक तिथेच झोपलेले मजूर होते. मे २०२५ मध्ये सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात पहाटेच आग लागली. आठ जीव गेले, त्यांत मालक आणि त्यांच्या घरची माणसेही होती. झोपायची जागा मालापासून वेगळी नसली, की आग मालक आणि मजूर असा फरक करत नाही.

वेगळी जागा परवडत नाही, असे आपण नेहमी ऐकतो. जपानी माणसाने ती दोन मीटर बाय एक मीटरात बसवली, वर नफाही काढला. आपल्याकडेही २०२१ साली मुंबई सेंट्रल स्टेशनात ४८ कॅप्सूलचे हॉटेल रेल्वेने सुरू केले, म्हणजे ही गोष्ट इथे होणारी आहे. फायबरच्या चकचकीत पेट्याच हव्यात असेही नाही. मजबूत लोखंडी दुमजली बाके, प्रत्येकाला पडदा, दिवा आणि लॉकर, रोज धुतलेली चादर, खेळती हवा, मोकळा बोळ आणि बाहेर पडायला दोन दारे, एवढे पुरे आहे. एवढे मात्र हवेच. नुसत्या पेट्या रचून एका दाराच्या गाळ्यात माणसे कोंबली, तर तो धंदा नव्हे, गुन्हा आहे.

मुसाफिराची सोय करणे ही आपल्याकडे जुनी नेकी आहे. जकातीच्या आठ हक्कदारांत मुसाफिरही आहे. मुंबईत साबू सिद्दीक मुसाफिरखान्यासारख्या वास्तू आपल्याच व्यापाऱ्यांच्या नावाने उभ्या आहेत. यंत्रमागाच्या गावांतल्या व्यापारी संघटनांनी आणि मशिदींच्या ट्रस्टांनी एक रिकामे गोदाम घेऊन चाळीस-पन्नास माणसांच्या झोपेची सोय काय खर्चात होते, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. कामगाराकडून रास्त भाडे घ्यावे. फुकट नको, म्हणजे सफाईचा पगार निघेल. कारखानदारांनी आपल्या वाट्याचा पैसा घालावा. आणि तोवर एक काम आज रात्रीच करता येते : कारखान्यात कोणी झोपत असेल, तर शटरला बाहेरून कुलूप लावू नये आणि जिन्यातले ताग्यांचे ढीग हलवावेत.